संघटनेत हयात घालवलेल्या सरांच्या दोन ट्रंका : जपायचं काय, करायचं काय?

शिवाजीपेठकर

मंडळी, प्राध्यापक संघटनेचं काम चार दशकं केलेले एक सर गेल्या महिन्यात गेले. नाव इथे देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. माळ्यावर दोन पत्र्याच्या ट्रंका आणि सात गाठोडी निघालीत. सायक्लोस्टाइल परिपत्रकं, इतिवृत्ताच्या वह्या, पावतीपुस्तकं, फॅक्स, कात्रणं, नोकरीवरून काढलेल्या शिक्षकांच्या फायली, वीसेक कॅसेटी. दिवाळीच्या आत माळा रिकामा करून हवाय.

सहकाऱ्यांच्या मनात स्मृतिग्रंथ, दरवर्षी एक व्याख्यान आणि या कागदांची सोय असं तिन्ही आहे. पैसा बेताचा. आधी काय करावं? कागद कसे हाताळावेत? बऱ्याच परिपत्रकांवर तारीखच नाही, त्यांचं काय? आणि वर्गणी काढायची तर कोणत्या नावाने?

दप्तरी

सगळ्यात आधी: गाठोडी सोडू नका. माळ्यावरच, आहेत तशी, फोटो काढा. प्रत्येक गाठोड्याला चिठ्ठी बांधून क्रमांक द्या, ट्रंकेतल्या थरांनाही द्या. सरांनी जे एकत्र बांधलं ते कशासाठी तरी एकत्र बांधलं असणार. गाठ सुटली की ती माहिती गेली, मग जगातला कुठलाही स्कॅनर ती परत आणत नाही. हौशी मंडळी पहिल्याच रविवारी सगळं सतरंजीवर ओतून "विषयवार" लावायला घेतात, तिथेच निम्मं नुकसान होतं.

पावसाळ्यात हे काम काढूच नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की कोरडा कागदही दमट होतो आणि बंद ट्रंकेत बुरशी धरते. ट्रंका वरच्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीपासून हातभर लांब, विटांवर ठेवा. माळा रिकामा करणं आणि कागद लावणं ही दोन वेगळी कामं आहेत, एवढं घरच्यांना समजावून सांगा. लावायला नोव्हेंबरात बसा.

वाळवी किंवा कसर दिसली तर ते गाठोडं वेगळं काढा. जाड प्लॅस्टिक पिशवीत हवा काढून घट्ट बंद करायचं आणि उणे १८ अंशाच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडायची नाही. लगेच उघडलीत तर बाहेरच्या हवेतलं पाणी गार कागदावर धरतं आणि किडीऐवजी बुरशी पाळायला मिळते. ज्याला बुरशी आधीच आहे ते सावलीत, वाऱ्यावर वाळवा, मग मऊ ब्रशने बाहेरच्या बाहेर झटका. नाकाला एन-९५ मास्क हवाच. उन्हात घालू नका, डांबरगोळ्या टाकू नका.

गंजलेल्या टाचण्या उपटायच्या नाहीत. कागद पालथा ठेवून पातळ पट्टीने टोकं सरळ करायची, मग टाचणी आपोआप निघते. वितळलेला रबरबँड वाळून कडक झाला असेल तर सुटतो. चिकट असेल तर जाऊ दे, ओढलात की अक्षरं त्याच्यासोबत येतात. सेलोटेपचंही तेच. लॅमिनेशन मात्र कुणीही, कितीही प्रेमाने सुचवलं तरी नको. ते उलटवता येत नाही.

स्कॅनिंगचा क्रम कागदाच्या महत्त्वावर लावू नका, तो किती दिवस टिकणार यावर लावा. पहिला नंबर फॅक्सचा. गुळगुळीत थर्मल कागदावरचा मजकूर उष्णतेने आणि उजेडाने उडतो, काही पानं आत्ताच कोरी दिसत असतील. दुसरा नंबर कात्रणांचा, कारण वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो आणि शेजारच्या पानालाही पिवळं करतो. त्यांच्या चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून मूळ कात्रणं वेगळ्या पाकिटात ठेवा. सायक्लोस्टाइलची शाई तशी टिकाऊ, पण कागद हलका आणि ठिसूळ, म्हणून घडी पुन्हा पुन्हा मोडू नका.

मजकुराला ३०० डीपीआय पुरे. पेन्सिलीच्या नोंदी आणि पुसट कार्बन कॉपीला ४००, फोटोंना ६००. मूळ प्रत टिफमध्ये, वापराची पीडीएफमध्ये. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस या क्रमाने सुरू करा म्हणजे यादी आपोआप कालक्रमाने लागते. तारीख माहीत नसेल तिथे शून्यं घाला, अंदाज नको. हाताने स्टेन्सिल कोरलेली मराठी संगणक भरवशाने वाचत नाही, त्यामुळे सूची हातानेच करावी लागणार. क्रमांक, तारीख, प्रकार, कोणाकडून, कोणाला, विषय, पानं, गाठोडं, आणि शेवटचा रकाना "खुलं की बंद". यात कंटाळा केलात तर स्कॅनचा ढीग म्हणजे दुसरा माळाच.

सातशे_सोळाशे

तारीख नसलेल्या परिपत्रकांचं सोपं आहे, फक्त मजकूर पगाराच्या नजरेने वाचावा लागतो. अधिव्याख्यात्याची ७००-१६०० ही श्रेणी १९७३ ची, २२००-४००० ही १९८६ ची, ८०००-१३५०० ही १९९६ ची. १५६००-३९१०० आणि वर ६००० एजीपी (शैक्षणिक ग्रेड पे) असेल तर २००६ ची, आणि ५७,७०० पासून सुरुवात असेल तर २०१६ ची.

एक गोम आहे. हे आकडे श्रेणी कधीपासून लागू झाली ते सांगतात, कागद कधी लिहिला ते नाही. लागू तारीख आणि प्रत्यक्ष शासन निर्णय यांत नेहमीच वर्षं गेली. २२००-४००० ची मागणी करणारा कागद १९८७ चाही असू शकतो. त्याच वेतनश्रेणीच्या प्रश्नावर त्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात देशभर प्राध्यापकांचा संप झाला होता. मजकुरात महागाई भत्त्याचा टक्का असेल तर नशीब उघडलं. तो जानेवारी आणि जुलैपासून बदलतो, म्हणजे सहा महिन्यांच्या आत येता.

पदनामही बघा. "अधिव्याख्याता" आणि "प्रपाठक" असेल तर जुना, "सहायक प्राध्यापक" आणि "सहयोगी प्राध्यापक" असेल तर सहाव्या वेतन आयोगानंतरचा. "कार्यकारी परिषद" म्हटलं असेल तर १९७४ च्या शिवाजी विद्यापीठ अधिनियमाचा काळ, "व्यवस्थापन परिषद" म्हणजे १९९४ च्या कायद्यानंतर. २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम १ मार्च २०१७ ला अमलात आला. सोलापूर जिल्ह्याची शाखा यादीत दिसली तर कागद बहुधा २००४ च्या आधीचा, कारण त्या वर्षी सोलापूरला वेगळं विद्यापीठ झालं. "१९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २०००" हा कालखंड दिसला की त्या काळात नेट-सेट ही पात्रता परीक्षा न होता नेमलेल्या शिक्षकांचं प्रकरण, आणि अर्थात २००० नंतरचं. १ नोव्हेंबर २००५ चा उल्लेख आला की जुन्या पेन्शनचा प्रश्न, कारण त्या तारखेपासून नोकरीत आलेल्यांना ती बंद झाली.

शीर्षपत्रं मिसळू देऊ नका. प्राध्यापकांच्या संघटना तीन पातळ्यांवरच्या: सुटा आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या पातळीवरची, एमफुक्टो राज्याची, एआयफुक्टो देशाची. एकाच लढ्यावर तिघांचे कागद निघतात आणि तिघांची भाषा वेगळी असते. भाषेवरून आठवलं, सूचीत मूळ शब्दच ठेवा. २०१३ चं घ्या. फेब्रुवारी ते मे प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार घातला होता. पुष्कळ बातम्या त्याला "संप" म्हणतात, संघटनेचे कागद "बहिष्कार". ७१ दिवसांच्या पगाराचा पुढचा सगळा वाद याच फरकावर उभा होता: शिकवणं चालू होतं तर पगार कापायचा कसा? सूची करणाऱ्याने सोयीसाठी सगळीकडे "संप" लिहिलं तर त्याने न कळत एका बाजूचा निकाल लिहून टाकला.

शिवाजीपेठकर

दोघांचेही आभार. फॅक्स आजच वेगळे काढले, तीन पानं खरंच कोरी आहेत. आता नोकरीवरून काढलेल्यांच्या फायलींचं काय? काहींत वैद्यकीय कागद आहेत, एका पाकिटावर सरांनीच "गोपनीय" लिहिलंय.

कलमबहाद्दर

ते पाकीट न उघडता "बंद" गटात. त्यात लैंगिक छळाच्या तक्रारीची कागदपत्रं असतील तर २०१३ च्या कायद्याचं कलम १६ तक्रारदार, साक्षीदार, चौकशी यांची माहिती प्रसिद्ध करायला मनाई करतं. स्मृतिग्रंथात "सरांनी एका भगिनीला न्याय मिळवून दिला" असं गाव आणि कॉलेजसकट लिहिणाराही त्यात सापडतो.

बाकीच्या फायली फेकू नका, त्यांत सरांचं खरं काम आहे. शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याखाली "कामगार" नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सुंदरम्बाळ प्रकरणात १९८८ मध्ये ठरवलं. म्हणजे काढून टाकलेल्या प्राध्यापकाला कामगार न्यायालयाचं दार बंद, त्याने विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरणात जायचं, तेही मुदतीत. ती मुदत थोडकी. माणूस धक्क्यातून सावरेपर्यंत निम्मी संपलेली असते, आणि मुदत टळली की खटल्यात कितीही दम असो, आधी विलंब माफीचंच भांडण. म्हणून अशा फायलीत बडतर्फीच्या पत्राची तारीख, ते हातात पडल्याची तारीख आणि अपील दाखल झाल्याची तारीख या तीन नोंदी आधी शोधा आणि सूचीत टाका. नावं झाका. तेवढ्यावरही संघटना किती तत्परतेने हलली ते दिसतं.

पैशांचं: नुसत्या "स्मृती समिती"च्या नावाने वर्गणी काढू नका. गणेश मंडळांना वर्गणीसाठी सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम ४१-क ची जी परवानगी लागते, तीच इथेही लागू शकते. ज्या संस्थेची न्यास म्हणून नोंदणी आहे तिच्या खात्यातच पैसे घ्या. देणगीदाराकडून "ही रक्कम कायम निधीसाठी" असं लेखी घ्या, नाहीतर हिशेबात ती चालू उत्पन्नात जाते. देणगीदाराला प्राप्तिकरातली सवलत (८०-जी म्हणतात ती) देणार असाल तर २,००० रुपयांवरची रोख देणगी त्यात बसत नाही. एखाद्या सहकाऱ्याच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने गोळा करणं तर अजिबात नको. माणूस कितीही सरळ असो, वर्षाने त्याच्यावरच बोट येतं.

तासिकावाला

व्याख्यानाचा हिशेब आधी करा, मग वक्ता ठरवा. पाच लाख साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ३२,५०० मिळतात. त्यातला चौथा हिस्सा, ८,१२५, मुद्दलात परत टाकायचा, नाहीतर दहा वर्षांनी त्याच व्याजात सभागृहाचं भाडंही निघणार नाही. उरले २४,३७५. त्यात सभागृह, वक्त्याचा प्रवास आणि मानधन, छपाई. हार-शाली यातून वगळा, सरांनी त्यावर पैसे खर्चू दिले असते असं वाटत नाही. कोल्हापूरच्या दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन सोयीचं, पण नवरात्रात नको. गर्दीत गाडी लावायला जागा मिळत नाही आणि दसऱ्याला चौकच सोहळ्याचा असतो. मार्च ते मे परीक्षा. पुण्यतिथीचाच हट्ट नको. जानेवारीतला रविवार, सकाळी साडेदहा, म्हणजे चंदगड-आजऱ्याहून येणाऱ्याला त्याच दिवशी परत जाता येतं.

स्मृतिग्रंथाबद्दल स्पष्ट बोलतो. साठ जणांचे साठ लेख, प्रत्येकात "चालतंबोलतं विद्यापीठ", असला पाचशे पानी ठोकळा कुणी वाचत नाही. सहा फर्म्यांचं, म्हणजे ९६ पानांचं पुस्तक करा. निम्मी पानं सरांची निवडक परिपत्रकं आणि त्यावर टिपा, उरलेल्यात कालपट आणि चार-पाच मुलाखती. जाहिराती घेऊ नका, विशेषतः संस्थाचालकांच्या.

आणि तासिका तत्त्वावरच्यांना यात घ्या. आज कॉलेजात शिकवणारे पुष्कळ जण तासाच्या हिशेबावर आहेत. संघटनेच्या सभासदाच्या व्याख्येत ते बसतात का, हा प्रश्न सरांच्या वह्यांत कधी, कुणी, कोणत्या शब्दांत मांडला ते शोधून पहिल्या व्याख्यानाचा विषय तोच ठेवा.

दप्तरी

मुलाखतींचं राहिलं. ज्येष्ठतेने नव्हे, वयाने क्रम लावा. ऐंशीच्या पुढचे आधी. एका बैठकीला तासभर पुरे, फोन एअरप्लेन मोडवर, पंखा बंद. "सर कसे होते?" विचारलंत की भाषण मिळतं. त्यापेक्षा एक परिपत्रक हातात द्या आणि विचारा: मसुदा कुणी केला, स्टेन्सिल कुणी कापलं, प्रती किती, गडहिंग्लजला कुणाच्या हाती गेल्या, कोणत्या कॉलेजात फलकावरून फाडल्या. संमतीची सही त्याच दिवशी घ्या. कॅसेटी घरच्या टेपवर वाजवून बघू नका. वर्षानुवर्षं पडलेली फीत अडकून तुटते. आवाज उतरवून घेणाऱ्याकडे एकदाच द्या आणि पहिल्याच वाजवण्यात ध्वनिमुद्रण करून घ्या.

शिवाजीपेठकर

शेवटची शंका. पावतीपुस्तकं गाठोडंभर आहेत, नुसती स्थळप्रत (पावती फाडून दिल्यावर पुस्तकात राहते ती) उरलेली. ही रद्दीत घातली तर चालतील का? जागा फार खातात.

सातशे_सोळाशे

अहो, सगळं घाला पण ती नको! इतिवृत्तात "सर्वांनी एकमताने" असतं, स्थळप्रतीवर नाव, कॉलेज, तारीख आणि रक्कम असते. पगार अडकलेल्या महिन्यांत लढा निधीला कोणत्या तालुक्यातून किती जणांनी, किती रुपये दिले ते दुसरीकडे कुठेच सापडणार नाही. पानं फाडून सुटी करू नका, पुस्तकाचा अनुक्रमांक आणि पहिल्या-शेवटच्या पावतीचा क्रमांक सूचीत घ्या. रद्द केलेल्या पावत्याही मोजा, मग त्या वर्षीच्या हिशेबपत्रकाशी बेरीज जुळते का बघा.