व्हॅश्टी बन्यनचं उदाहरण बघा

मूल झालं की बाईचं गाणं कायमचं सुटतं, हे मत काही पटलं नाही. इंग्लंडची गायिका व्हॅश्टी बन्यन घ्या. घोडागाडीतून स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाली, वाटेत गाणी रचली. १९७० साली त्या गाण्यांचा अल्बम आला आणि सपशेल पडला. मग तीन मुलं, घरदार, आणि गिटार बाजूला. पोरांसाठीसुद्धा ती गायली नाही म्हणे! पण त्याचं खापर पोरांवर कशाला? घाव अल्बम पडल्याचा होता. २००० मध्ये तोच पुन्हा निघाला, नव्या पिढीने डोक्यावर घेतला. दुसरा आला २००५ मध्ये, तब्बल ३५ वर्षांनी. २०१४चा तिसरा तर बराचसा तिने घरीच रेकॉर्ड केलाय.