जखम भरली तरी लघवीच्या धारेकडे लक्ष ठेवा
गुहागरच्या तुमच्या काकांची शिश्नाची त्वचा मागे अडकून राहिली, उपचार उशिरा झाले आणि आता जखम भरूनही टोक बधिर आहे, असं तुमच्या पोस्टमध्ये वाचलं. आवळलेल्या कातडीने आधी सूज येते, मग रक्तपुरवठाच तुटतो. मेलेला भाग गळून नवी त्वचा आली तरी व्रण मऊ व्हायला वर्षभरही लागतं. संवेदना हळूहळू परतते, काहींना पूर्ण नाही. लघवीची धार बारीक झाली, फाटली, जोर करावा लागला, तर मूत्रमार्ग आकसलाय का ते रत्नागिरीला युरॉलॉजिस्टकडून (मूत्ररोगतज्ज्ञाकडून) तपासून घ्याच. साखरही बघा, मधुमेहात जखमा रेंगाळतात. कधी कॅथेटर (लघवीची नळी) घातला, तर त्यासाठी मागे घेतलेली त्वचा लगेच पुढे आणली का, हे नर्सला स्पष्ट विचारा. आपल्याकडचे वडीलधारे लाजेपायी मुंबईचा मुलगा गणपतीला येईपर्यंत थांबतात, याचं फार वाईट वाटतं.