०.१ नॉर्मल एचसीएल: ८.३ मिली घेऊनही ०.०९४ का येतंय?

टीवायबीएस्सी:
पुस्तकात तीव्र एचसीएल (हायड्रोक्लोरिक आम्ल) १२ नॉर्मल, म्हणजे लिटरमध्ये १२ समतुल्य भार, धरलंय. त्या हिशेबाने ८.३ मिली घेऊन लिटरच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी भरलं. टायट्रेशनमध्ये ०.१३२५ ग्रॅम सोडियम कार्बोनेटला हे आम्ल २५ मिली लागायला हवं, लागतंय २६.६. कार्बोनेट ओलसर असेल का?

ब्युरेट:
ओलसर असतं तर उलटं झालं असतं. वजनात पाणी आलं की आम्ल कमी लागतं आणि नॉर्मॅलिटी जास्त दिसते. (तरी २७०° ला तासभर तापवून, डेसिकेटरमध्ये गार करूनच वजन घ्या.) मला शंका त्या १२ ची आहे. तो आकडा ३७ टक्क्यांच्या आम्लाचा. बाटलीवर काय लिहिलंय?

टीवायबीएस्सी:
३५%, घनता १.१८.

ब्युरेट:
मग झालं की. १.१८ × १००० × ०.३५ = लिटरमध्ये ४१३ ग्रॅम. भागिले ३६.४६ (एचसीएलचा समतुल्य भार), म्हणजे ११.३३ नॉर्मल. ८.३ × ११.३३ ÷ १००० = ०.०९४. टायट्रेशन चोख आहे तुमचं! टक्के वजनी असतात, म्हणून घनतेने गुणायचं. ते राहिलं तर ९.६ असं भलतंच उत्तर येतं.

जुनी लॅब:
लेबलवरही फार विसंबू नका. वारंवार उघडलेल्या बाटलीतून वायू उडत राहतो. म्हणून मुद्दाम ९ मिली घ्यायचं, मेजरिंग सिलिंडरनेच, कारण टायट्रेशन करायचंच आहे. फ्युम हूडखाली, फ्लास्कमध्ये आधी अर्धं पाणी. समजा ०.१०२ आलं आणि ९५० मिली उरलंय: ९५० × ०.१०२ ÷ ०.१ = ९६९, म्हणजे ब्युरेटने १९ मिली पाणी घाला, हलवा, पुन्हा टायट्रेट करा. पातळ झालेलं वर आणणं मात्र कटकटीचं. तुमच्या ९०० मिलीला जेमतेम ०.४८ मिली तीव्र आम्ल लागेल, ते नेमकं मोजणार कशाने? त्यापेक्षा बाटलीवर ‘०.०९४’ लिहा आणि गणितात तोच आकडा धरा. परीक्षक काही म्हणत नाहीत.

अवक्षेप:
सल्फ्युरिकलाही हीच रीत: ९८%, १.८४, समतुल्य भार ४९, म्हणून ३६.८ नॉर्मल. १ नॉर्मलच्या लिटरला २७ मिली. फक्त ते बीकरमधल्या पाण्यात बारीक धारेने, ढवळत सोडा. आम्लावर पाणी कधीच नको, उसळून अंगावर येतं. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय खुणेपर्यंत भरू नका. कोमट असताना भरलंत तर नंतर पातळी खाली उतरते आणि द्रावण ठरल्यापेक्षा तीव्र निघतं.