मदत हवी आहे : ब्लॅक अँड व्हाइट प्रिंटमधली राखाडी छटा पिवळट येतेय

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या तलावपाळीचे पावसाळी पहाटेचे फोटो घरच्या प्रिंटरवर मॅट कॉटन पेपरवर छापतोय. क्वाडटोनरिप (कुठली शाई किती पडावी ते ठरवणारं ब्लॅक अँड व्हाइट छपाईचं सॉफ्टवेअर) वापरतो. फक्त काळ्या आणि दोन फिक्या काळ्या शाईवर छापलं की प्रिंट उबदार येते. ते समजू शकतो, कार्बनची शाई मुळातच तपकिरीकडे झुकते.

म्हणून त्यातले वॉर्म आणि कूल कर्व्ह (उबदार आणि थंड छटेसाठी शाईचं प्रमाण ठरवणाऱ्या फाइल) निम्मे-निम्मे मिसळले. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापली, रात्रभर वाळू दिली (या हवेत तेवढं लागतंच) आणि मित्राच्या स्पेक्ट्रोने (रंग मोजायच्या यंत्राने) मोजली. त्यात एल म्हणजे उजळपणा, ए अधिक म्हणजे गुलाबीकडे, बी अधिक म्हणजे पिवळ्याकडे झुकाव; शुद्ध राखाडीला ए आणि बी शून्य. गडद भाग ठीक आहे. पण एल ५० ते ७० च्या दरम्यान बी अजूनही +३ च्या आसपास, आणि एल ८५ च्या वर ए +२. म्हणजे मध्ये पिवळट आणि ढगांत गुलाबी! बायको म्हणते, छान दिसतंय की. तिला पट्टी दाखवायची सोय नाही.

कूलचं प्रमाण सरसकट वाढवलं तर ढग आणखी बिघडतात. मग हायलाइट, मिडटोन, शॅडो (उजळ, मधला, गडद भाग) असं वेगवेगळं मिश्रण करावं, की कर्व्हमध्ये शिरून वरच्या टोकाला फिकी मजेंटा थोडी कमी करावी? दुसरं केलं तर लिनिअरायझेशन (पट्टी मोजून पायऱ्या समान अंतराने गडद होतील असं जुळवणं) पुन्हा करावं लागेल ना?

आणखी एक, घरातल्या एलईडी ट्यूबखाली आणि खिडकीपाशी रंग वेगळा दिसतो. तुम्ही प्रिंट कुठल्या उजेडात पारखता? ठाण्यात कोणी हे करत असेल तर पट्टी घेऊन येतो, चहा माझ्याकडून.