इथेनॉल टोचल्यावर टॉर्निकेट (पायाला आवळून बांधलेला पट्टा) सुटताच बीपी कोसळतं, का?

प्रश्न: मांडीतली व्हीनस मालफॉर्मेशन (शिरांची जन्मजात सदोष वाढ), रुग्ण ५० किलो, ती बंद करायला ॲब्सोल्यूट अल्कोहोल (शुद्ध इथेनॉल) टोचायचं आहे. फुप्फुसाच्या धमनीतला दाब नेमका कधी चढतो? एका वेळी किती द्यावं?

उत्तर १: एका वेळी किलोमागे ०.१ मिली, म्हणजे इथे ५ मिली, आणि मध्ये १० मिनिटं थांबा. एका बैठकीत किलोमागे १ मिलीच्या वर जाऊ नका, शक्यतो त्याच्या निम्म्यातच भागवा. अल्कोहोल शिरेतून उजव्या हृदयात पोहोचलं की फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आवळतात, उजव्या कप्प्यावर ताण येतो, डावीकडे रक्तच कमी पोहोचतं. मग नाडी मंदावते आणि बीपी पडतं. टॉर्निकेट एकदम सोडलं तर अडकलेला सगळा साठा एकाच वेळी वर जातो. म्हणून हळूहळू, टप्प्याटप्प्याने सैल करा.

उत्तर २: भूल देणाऱ्याला प्रत्येक डोस मोठ्याने सांगा, हे फार महत्त्वाचं. एंड-टायडल (श्वास सोडताना शेवटी मोजलेला) कार्बन डायऑक्साइड अचानक घसरला तर सुई तिथेच थांबवा, १०० टक्के ऑक्सिजन द्या. मोठा डोस लागणार असेल तर पल्मनरी आर्टरी कॅथेटर (फुप्फुसाच्या धमनीतला दाब मोजणारी नळी) घाला. तिथला सरासरी दाब २५ mmHg च्या वर गेला की पुढचा डोस नाही, नायट्रोग्लिसरीन (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) तयार हवं. पण बीपी आधीच पडलेलं असेल तर ते जपून.

उत्तर ३: लघवी लाल झाली तर ते फुटलेल्या लाल पेशींतलं हिमोग्लोबिन आहे, सलाइन वाढवा. लहान मुलांची साखरही तपासत राहा.