बटण दाबा, क्षणभर थांबा, मग बोला

माळा आवरताना बाबांची पितळी मोर्स की, म्हणजे ठोक्यांनी संदेश पाठवायची कळ, सापडली. तिच्याखाली बिस्किटांच्या डब्यात क्यूएसएल कार्डांची, म्हणजे रेडिओवर बोलणं झाल्याची पोच देणाऱ्या कार्डांची, चवड. बाबांना जाऊन पाच वर्षं झाली. हॅम लोक, म्हणजे परवाना काढून हौसेने वायरलेसवर बोलणारे, 'गेले' म्हणत नाहीत, 'सायलेंट की' झाले म्हणतात.

ऐंशीच्या दशकात पुण्यातल्या आमच्या वाड्यात त्यांनी स्वतः बांधलेला व्हॉल्व्हचा एएम ट्रान्समीटर होता. गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत वीसेक मीटर तांब्याची तार, हीच त्यांची डायपोल अँटेना. आई तिच्यावर परकर वाळत घालायची आणि बाबा "अगं, माझा डायपोल!" करत वर धावायचे. रविवारी सकाळी ४० मीटर बँडवर, म्हणजे हॅमसाठीच्या एका रेडिओपट्ट्यावर, हैदराबाद, बंगळूरची मंडळी भेटत. नेमका तेव्हाच अख्खा वाडा शेजारच्या काकूंकडे टीव्हीसमोर बसलेला असे. एका रविवारी मालिकेतल्या ऋषींनी आशीर्वादाला हात वर केला आणि टीव्हीतून बाबांचा आवाज आला, "सीक्यू फॉर्टी, सीक्यू फॉर्टी." म्हणजे ४० मीटरवर कुणी आहे का, अशी हाक. काकू दारात येऊन आईला म्हणाल्या, "यांना सांगा, काय बोलायचं ते बोला, पण ऋषींच्या तोंडून नको." त्या दिवसापासून नऊ ते दहा बाबांचा सेट बंद.

आता तुमचे अनुभव येऊ द्या. हॅमच पाहिजे असं नाही. वॉकीटॉकी, बोटीवरचा वायरलेस, काहीही चालेल. अट एकच, बटण सोडल्याशिवाय समोरच्याचं ऐकू येत नाही असं यंत्र हवं.

*

रत्नागिरी जिल्ह्यातून, बंदराजवळून

मामा तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा प्रमुख. बोटीवर व्हीएचएफ सेट, जवळपासच्या बोटींशी बोलायचा वायरलेस. १६ नंबरच्या चॅनेलवर हाक मारायची, समोरची बोट सापडली की दुसऱ्या चॅनेलवर जायचं आणि १६ मोकळा ठेवायचा, कारण संकटाची हाक तिथेच येते. नियम सगळ्यांना पाठ. पाळतात किती, ते विचारू नका.

खरी गंमत म्हणजे हे बोलणं सगळं बंदर ऐकत असतं. मासळी कुठे लागली हे उघड सांगितलं की तासाभरात दहा बोटी तिथे. म्हणून मामा आणि त्याच्या चुलत भावाची ठरलेली भाषा होती. "पाहुणे आले काय?" "आले, पण पंगत लहान." म्हणजे मासळी आहे, पण थोडी. एकदा चुलतमामा आनंदाच्या भरात बोलून गेला, "अरे, लग्नघरच आहे, वाढपी कमी पडतात!" त्यावर तिसऱ्याच बोटीवरून आवाज आला, "येतो वाढायला. अक्षता ठेवा."

पुढे त्याच बोटीने मामाला ओढून बंदरात आणलं. पंख्यात जाळं गुंडाळलं होतं आणि वारा वाढत चालला होता. तेव्हा १६ वर हाक मारताना मामाने पाहुणे-पंगत काही केलं नाही. नाव, जागा, काय झालं, एवढंच.

*

नाशिकहून, गिर्यारोहक

हरिश्चंद्रगड, कोकणकडा. दोर लावून उतरणारी तुकडी, वर एक सेट, मधल्या टप्प्यावर एक, खाली एक. कड्यावर वारा इतका की पंचवीस फुटांवरचा माणूस ओरडला तरी कळत नाही. सगळा कारभार सेटवर. "दोर मोकळा" ऐकल्याशिवाय वरचा दुसऱ्याला सोडत नाही.

तिसरा गडी उतरला आणि सेटवर श्वासाचा आवाज सुरू झाला. फुस्स, फुस्स. मग कापड घासल्याचा. मग कुणीतरी नाकातल्या नाकात भजन गुणगुणतंय. मधल्या टप्प्यावरच्या आमच्या मित्राचा सेट सॅकच्या पट्ट्याखाली गेला होता आणि बटण दाबलेलं राहिलं होतं. आता मजा बघा. बटण दाबलेलं आहे तोवर त्याला आमचं काही ऐकू जाणार नाही. म्हणजे "बाबा रे, बटण सोड" हे जगात फक्त त्यालाच सांगता येत नव्हतं. वर आम्ही सहाजण गप्प, खाली तिघे गप्प आणि मध्ये विठोबाचा गजर.

पस्तीस मिनिटं गेली. मग तो चिक्की काढायला सॅक उतरवून बसला, खुट् झालं आणि लगेच त्याचा वैतागलेला आवाज आला, "अरे, काय झोपलात का सगळे? केव्हाचा कुणी बोलत नाही!"

तेव्हापासून सेट छातीवर, बटण बाहेरच्या बाजूला. आणि सेट अडकला तर काय करायचं हे शिट्ट्यांवर ठरलेलं.

एक शंका : ऑनलाइन स्वस्तात मिळतात ते सेट बिनधास्त घ्यावेत का?

*

कोल्हापूर

वरच्या शंकेवर : नको. परवान्याशिवाय चालतात ते ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले, कमी ताकदीचे. खोक्यावर फ्रिक्वेन्सी लिहिलेली नसेल तर खोकं तिथंच ठेवायचं. पाच वॅटचा सेट हवा असेल तर हॅमचा परवाना काढा. वयाची बारा वर्षं पुरी असली की परीक्षेला बसता येतं. त्यातल्या रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परवान्याला मोर्स लागत नाही.

मी तीच दिली. परीक्षा सोपी, वाट बघणं अवघड. कागद कुठल्या टेबलावर आहे हे कळायलाच सात महिने. चौकशीला आलेल्या हवालदारांनी विचारलं, "बोलणार कुणाशी?" म्हटलं, "जो उत्तर देईल त्याच्याशी." त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग बायकोकडं. तिनं चहा आणला म्हणून निभावलं.

व्हीयू-थ्रीनं सुरू होणारा कॉलसाइन, म्हणजे हॅमचं सांकेतिक नाव, हाती आल्यावर पहिल्यांदा माईक धरला तर घशाला कोरड. दहावीच्या भाषणात झालं नव्हतं तसं झालं. स्वतःचा कॉलसाइन चुकीचा सांगितला. पलीकडचे आजोबा म्हणाले, "सावकाश. आधी ऐक, बटण दाब, एक श्वास घे, मग बोल." घाईत बटणाबरोबरच बोललं की पहिला शब्द रिपीटर, म्हणजे आपला आवाज पकडून पुढं पाठवणारं यंत्र, खातो, हे नंतर समजलं.

*

ऑस्टिन, टेक्सास

चार मराठी कुटुंबं, चार गाड्या, बिग बेंड राष्ट्रीय उद्यानाची सहल. तिकडे मोबाइलला रेंज जवळपास नाहीच, म्हणून एफआरएसचे सेट, म्हणजे घरगुती वॉकीटॉकी, घेतले. इथे त्यांना परवाना लागत नाही. वर 'प्रायव्हसी कोड' लावला. आपण खाजगीत बोलतोय असा आमचा दृढ समज.

दोन तास तिसऱ्या गाडीच्या चालवण्यावर आणि चौथ्या गाडीतल्या पोह्यांवर मनमोकळी टीका झाली. "पोहे म्हणजे नुसता भुसा." "त्यांना सांगू नका, त्यांचा सेट बंद दिसतोय." तेवढ्यात एक अनोळखी बाईंचा आवाज : "पोह्यांना आधी पाणी शिंपडून ठेवायचं हो. आम्ही मागच्या पांढऱ्या व्हॅनमध्ये."

तो कोड नको असलेल्यांचा आवाज फक्त आपल्या सेटवर दाबतो. आपलं बोलणं कुणापासूनही लपवत नाही. व्हॅन सोलापूरच्या लोकांची निघाली. रात्री त्यांच्याकडे शेंगाचटणी खाल्ली. चौथ्या गाडीचा सेट बंद नव्हता, हे परतीच्या वाटेवर कळलं. ती माणसं अजून जेमतेम बोलतात.

*

जिल्हा परिषद शाळेतून, अहिल्यानगर

मोजमापाच्या स्टीलच्या टेपचे तुकडे, पीव्हीसी पाइप आणि स्क्रू, एवढ्यात यागी अँटेना होते, हवं त्या दिशेला रोखून धरायची. ती घेऊन मैदानात उभा राहिलो. अंतराळ स्थानक डोक्यावरून जाताना १४५.८०० मेगाहर्ट्झवर ऐकू येतं. कधीकधी तिथून चित्रंही पाठवतात आणि मोबाइलमधलं ॲप तो किर्रकिर्र आवाज ऐकून चित्र उलगडतं. एका चित्राला दोन मिनिटं, आणि स्थानक जेमतेम दहा मिनिटं हाती असतं.

ओळीओळीने निळा रंग उतरू लागला तशी पोरं मोबाइलवर वाकली. मीही वाकलो. हातातली अँटेना जमिनीकडे वळली आणि चित्राचा खालचा अर्धा भाग नुसती वाळू. पोरांनी मला अजून माफ केलेलं नाही. अर्ध्या चित्राची प्रिंट वर्गात लावली आहे, खाली कुणीतरी लिहिलंय, 'उरलेलं गुरुजींमुळे'.

*

सांगली, मंगल कार्यालय

आमच्याकडे पाच सेट आहेत. "नवरी अजून साडी बदलतेय, मंगलाष्टकं लांबवा, ओव्हर." एवढाच अनुभव. रोजचा.

*

ठाण्याहून

डिसेंबर २००४. दिल्लीच्या भारती प्रसाद अंदमानात हॅम स्टेशन लावून बसल्या होत्या, कॉलसाइन व्हीयू-फोर-आर-बी-आय. तिथून अनेक वर्षांत कुणी हॅम रेडिओवर आलेलं नव्हतं, त्यामुळे जगभरातून झुंबड. मी रोज रात्री हाका मारायचो. माझा शंभर वॅटचा आवाज त्या गर्दीत कुठला पोचायला?

२६ तारखेनंतर सेट लावला तर झुंबड नव्हती. त्सुनामीनंतरची नावं जात होती. अमुक सुखरूप, घरी कळवा, हा फोन नंबर. एकेक अक्षर फोडून. माईकचा हात मी मागे घेतला तो घेतलाच. लॉगबुकात, म्हणजे संपर्कांच्या वहीत, तो संपर्क नाही, पण ऐकलेली नावं पानभर लिहून ठेवली आहेत. का लिहिली, माहीत नाही.

धागाकर्तीसाठी : तुमच्या वडिलांचा कॉलसाइन कळवाल का? मी १९८६ पासूनच्या वह्या टाकलेल्या नाहीत.

*

पुण्याहून, पुन्हा मी

कॉलसाइन निरोपात पाठवला आहे.

*

ठाण्याहून

सापडलं. १९८९, ४० मीटर, एएम, सकाळी साडेआठ. शेरा माझ्याच अक्षरात : "पुणे. आवाज स्वच्छ. मागे कुकरच्या शिट्ट्या, तिसरीनंतर ते गॅस बंद करायला उठले, मी थांबलो."

*

पुण्याहून

तो कुकर अजून चालतो. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तीन नाही, चार झाल्या होत्या. डाळीचं पिठलं झालं होतं त्या दिवशी."