अनुभव धागा: इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष, सांगलीकडचं

बारावीपर्यंत वर्गात पहिला-दुसरा नंबर कधी सोडला नाही, अशी मुलं पहिल्याच सेमिस्टरला एम-वनमध्ये (गणिताच्या पहिल्या पेपरात) अडकतात आणि घरी कुणाला सांगत नाहीत. दिवाळीला गावी आली की गप्प असतात. ओळखीतल्या घरांत हे बघितलं, म्हणून हा धागा काढतेय. सांगली, मिरज, इस्लामपूर, कुठंही शिकला असाल, कुठल्याही बॅचचे असाल, एफईला, म्हणजे पहिल्या वर्षाला, नेमकं काय जड गेलं आणि ते कशानं सुटलं ते लिहा. नुसतं "मेहनत करा" नको, तपशील हवा.

माझ्यापासून सुरुवात. माझं अडलं ते ड्रॉइंग. शंकू तिरका कापला की लंबवर्तुळ, कडेला समांतर कापला की पॅराबोला, हे फळ्यावर कितीही बघितलं तरी डोळ्यांपुढे उभं राहीना. विश्रामबागेत आम्ही मुली कॉट बेसिसवर राहायचो. घरमालकीण काकू गाजरं चिरत होत्या, त्यातलं एक जाडसर गाजर रूममेटनं उचललं, तिरकं आरपार कापलं आणि कापलेली बाजू वहीवर टेकवून पेन्सिलनं कड गिरवली. स्वच्छ लंबवर्तुळ. दुसरं गाजर कडेला समांतर कापलं, तर वक्र बंदच होईना, बुडाकडं उघडा राहिला. तेव्हापासून मी प्रत्येक घनाकृती आधी हातात घेऊन बघू लागले, साबण असो की खोडरबर. फर्स्ट अँगल, म्हणजे वस्तूची दृश्यं कागदावर मांडायची एक पद्धत, तिचंही तसंच. वस्तू बघणारा आणि प्रतल यांच्या मध्ये असते, म्हणून टॉप व्ह्यू कागदावर खाली येतो. हे 'म्हणून' कळलं की पाठांतर संपतं. काचेखाली दिवा लावून दुसऱ्याची शीट गिरवली, म्हणजे जीटी (ग्लास ट्रेसिंग) मारली, तर सबमिशन होतं, पण पेपरात हात चालत नाही.

जतकडचा, मेकॅनिकल

दहावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजीची धास्ती होती, पण ती लवकर गेली. अडचण वेगळीच निघाली. बारावीला क्लासचे सर गणिताचे प्रकार पाडून द्यायचे. इथं मेकॅनिक्सच्या सरांनी फळ्यावर भिंतीला टेकलेली शिडी काढली आणि म्हणाले, "हिच्यावर कोणकोणती बलं आहेत, दाखवा." कुठलं सूत्र लावायचं तेच कुणाला कळेना.

हॉस्टेलवरच्या एका दादानं शिस्त लावली. कॅल्क्युलेटर बाजूला, आधी फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे वस्तू सुटी काढून तिच्यावरची बलं दाखवणारी आकृती. शिडी एकटी काढायची, जिथं जिथं ती कशाला टेकते तिथं बाण. खाली जमिनीची प्रतिक्रिया उभी, पाय बाहेर घसरू बघतो म्हणून घर्षण भिंतीच्या दिशेनं, गुळगुळीत भिंतीची प्रतिक्रिया आडवी, मधोमध वजन. मग समीकरणं तीनच, आडवी बलं, उभी बलं आणि मोमेंट. दादा बाण तपासायचा, उत्तर बघायचासुद्धा नाही.

एआयसीटीईनं (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) पहिल्या वर्षाची पुस्तकं मराठीतही काढलीत, ई-कुंभ पोर्टलवर फुकट आहेत. पेपर इंग्रजीत लिहायचा असला तरी एकदा मराठीत वाचा, डोक्यात बसतं.

मिरजेची, इलेक्ट्रिकल

मिरजेतून सिटी बसनं ये-जा. वर्कशॉपच्या दिवशी पोटात गोळा यायचा, कारण फाईल जन्मात हातात धरली नव्हती. बॅचमधल्या एकाच्या वडिलांचं कुपवाड एमआयडीसीत लेथचं शॉप, त्याचा जॉब (घासून-कापून करायचा लोखंडाचा तुकडा) सगळ्यांच्या आधी तयार. वर्कशॉपमधल्या मामांनी मला व्हाइससमोर (तुकडा पकडायच्या शिकंजासमोर) उभं केलं. डावा पाय पुढं, जोर फक्त पुढं ढकलताना, मागं येताना फाईल हलकी. मग ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचं साधन) लावून तुकडा खिडकीकडं धरायला लावला. जिथून उजेड दिसतो तिथं खोलगट, जिथं नाही तिथं अजून घासायचं. त्या उजेडाची रेघ बारीक होत होत नाहीशी झाली तेव्हा झालेला आनंद मला डिग्रीच्या दिवशीही झाला नाही. मुलींनो, जॉब दुसऱ्याकडून करून घेऊ नका.

२०१९ची बॅच

आमचं कॉलेज सुरू झालं आणि महापूर आला. आयर्विन पुलाजवळ धोका पातळी ४५ फूट, पाणी ५७ च्या वर गेलं. एकमेकांची नावंही नीट पाठ नव्हती. आम्ही पूरग्रस्तांसाठी आलेल्या चपात्या-भाकरीची पाकिटं भरत बसायचो. माझा आजचा सगळा ग्रुप तिथला आहे. अभ्यासाबद्दल इतरांनी लिहिलंच आहे.

आटपाडीचे एक पालक

मी स्वतः इंजिनीअर नाही, लेक शिकते. पैशांचं लिहितो, कारण पोरं लाजतात. जुलै २०२४च्या शासन निर्णयानं कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेतलेल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. हॉस्टेल-मेस त्यात धरू नका. महाडीबीटीचा (शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा) अर्ज दर वर्षी भरावा लागतो, बँक खातं आधारशी जोडलेलं पाहिजे, आणि उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आधीच काढून ठेवा. आमच्याकडं एका कागदापायी हप्ता लई दिवस अडकला आणि पोरगी मेसला एकच वेळ जेवायची, ते आम्हाला फार उशिरा कळलं. पोरांनो, घरी सांगत जा.

यंदा लागलेला, कवठेमहांकाळ

सगळं वाचलं, धन्यवाद. कॉलेजच्या यादीत ड्राफ्टर (बोर्डला लावून रेघा मारायचं साधन), ड्रॉइंग बोर्ड, शीट कंटेनर, अॅप्रन असं बरंच आहे. ड्राफ्टर नवा घ्यावा का?

धागाकर्ती

नको. सेकंड इयरवाल्यांकडं मिळतो, हॉस्टेलच्या नोटिस बोर्डवर विचार. घेताना ड्रॉइंग बोर्डला लावून बघ. क्लॅम्पचा स्क्रू घट्ट बसला पाहिजे. वर एक आडवी रेघ मार, ड्राफ्टर खाली सरकव, दुसरी मार, दोन्ही टोकांकडचं अंतर मोज. सारखं आलं तरच पैसे दे. अॅप्रन मात्र नवा आणि सुती घे, वेल्डिंगला लागतो.